डासाचे आतडे आणि विषाणूजन्य ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की गोव्यात डेंग्यू, चिकुनगुन्या आणि फॉगिंग हे तीन शब्द रोज कानावर पडतात. डासाच्या पोटात काय चालते ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. खरे तर ते कळले, की मच्छरदाणी कुणाला लावायची, पिंप घासायचे की नुसते रिकामे करायचे, धूर कधी कामाचा आणि कधी नाही, या प्रश्नांची उत्तरे बरीच सोपी होतात.

डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला चावला तर त्याला डेंग्यू होतो का?

साथ अशी पसरत नाही. डास म्हणजे दूषित सुई नव्हे. रुग्णाच्या रक्तातला विषाणू आधी डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो, आतड्याची भिंत ओलांडून शरीरभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथींत पोचतो. लाळेत उतरल्यावरच तो पुढच्या माणसाला मिळतो. डेंग्यूच्या बाबतीत या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. एकदा लाळेत आला की ती मादी मरेपर्यंत तो पसरवत राहते.

हे आठ-दहा दिवस आपल्या हातातले दिवस आहेत. पुढची बहुतेक उत्तरे याच हिशेबावर उभी आहेत.

रक्त डासाच्या पोटात गेल्यावर नेमके काय होते?

फक्त मादी चावते. फुलांतला गोड रस ती एरवीही पिते, पण अंड्यांसाठी लागणारी प्रथिने तिला रक्तातूनच मिळतात. दोन्हींची वाटही वेगळी असते. गोड रस आधी अन्ननलिकेला जोडलेल्या पातळ पिशवीत साठतो, तर रक्त थेट मधल्या आतड्यात जाते. पोट भरून प्यायलेले रक्त दोन-तीन मायक्रोलिटर असते, म्हणजे जवळजवळ मादीच्या स्वतःच्या वजनाएवढे. हातावर बसलेल्या मादीला हाकलले नाही, तर दोन-तीन मिनिटांत तिचे पोट डाळिंबाच्या दाण्यासारखे लालबुंद होताना दिसते. पोटाच्या खंडांमधली कातडी ताणून पारदर्शक होते. रक्तातले जादा पाणी ती लगेच बाहेर टाकू लागते.

मधल्या आतड्याची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. आतल्या बाजूने पेशींना केसाळ झालर असते. बाहेरून बेसल लॅमिना नावाचे चिवट जाळीदार अस्तर, त्यावर स्नायूंचे आडवे-उभे धागे आणि श्वासनलिकांच्या चंदेरी फांद्या. रक्त आत येताच ही भिंत फुग्यासारखी ताणली जाते. काही तासांत पेशी रक्ताच्या गोळ्याभोवती कायटिन आणि प्रथिनांची पिशवी विणू लागतात. तिला पेरिट्रॉफिक पडदा म्हणतात. ती पूर्ण तयार व्हायला बारा ते चोवीस तास लागतात. ट्रिप्सिनसारखी पाचक द्रव्ये आधी थोडी आणि मग दुसऱ्या दिवशी भरपूर स्रवतात. दोन-तीन दिवसांत रक्त पचून संपते, पडदाही विरघळतो, आणि त्या प्रथिनांवर शंभरेक अंडी तयार होतात.

मग विषाणू रक्ताबरोबर पचून का जात नाही?

बहुतेक पचतोच. पण पडदा पुरता विणून व्हायच्या आणि पाचक द्रव्यांचा जोर वाढायच्या आधीच्या काही तासांत थोडे विषाणू पेशींना चिकटून आत घुसतात. सुरुवातीला मोजक्याच पेशी बाधित होतात. तिथून शेजारच्या पेशींत पसरत आठवडाभरात आतड्यात विषाणूंचे ठिपके-ठिपके दिसू लागतात.

डासाचे शरीरही गप्प बसत नाही. विषाणूच्या आरएनएचे (त्याच्या जनुकीय साहित्याचे) तुकडे करणारी यंत्रणा (आरएनए इंटरफिअरन्स) हे त्याचे मुख्य हत्यार आहे. त्यामुळे विषाणू आटोक्यात राहतो, पण नाहीसा होत नाही. डास आजारी दिसत नाही, उडतो, चावतो, अंडी घालतो.

शास्त्रज्ञ या प्रवासात चार अडथळे मानतात: आतड्याच्या पेशीत शिरणे, आतड्यातून बाहेर पडणे, लाळग्रंथीत शिरणे, आणि लाळग्रंथीतून लाळेत उतरणे. यांपैकी एकाही ठिकाणी अडकला तरी ती मादी रोग पसरवू शकत नाही. एकाच जातीच्या, एकाच रुग्णाचे रक्त प्यायलेल्या माद्यांपैकी काहींच्या लाळेत विषाणू येतो आणि काहींच्या कधीच येत नाही, त्याचे कारण हेच.

आतड्याच्या भिंतीतून विषाणू बाहेर कसा पडतो?

हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा. डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा आणि बेसल लॅमिनाच्या जाळीची भोके सुमारे १० नॅनोमीटरची. म्हणजे सरळ मार्गाने तो बाहेर पडायलाच नको. पण रक्त पिऊन पोट ताणले की हे अस्तर ठिकठिकाणी विरते आणि त्याला सूक्ष्म चिरा पडतात. ते पुन्हा सांधले जाईपर्यंत विषाणूला वाट मिळते.

याचा एक व्यवहारी परिणाम आहे. प्रयोगशाळेत एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या मुख्य जातीच्या माद्यांना आधी विषाणू असलेले रक्त आणि तीन दिवसांनी साधे, विषाणू नसलेले रक्त पाजले, तेव्हा विषाणू शरीरभर पसरण्याचे प्रमाण आणि वेग दोन्ही वाढले. दुसऱ्या जेवणाने भिंत पुन्हा ताणली गेली, आणि या वेळी विषाणू भिंतीशी तयारच होता. घरात राहणारी एडिस इजिप्ती मुळातच थोडे-थोडे करून अनेकांना चावणारी आहे. एका घरातल्या तिघा-चौघांना एकाच आठवड्यात ताप का येतो, याचा थोडा उलगडा इथे होतो.

एचआयव्ही डासांमुळे का पसरत नाही?

कारण तो पहिल्याच अडथळ्याशी संपतो. डासाच्या आतड्यातल्या पेशींत त्याला शिरता येत नाही, वाढता येत नाही, आणि तो रक्ताबरोबर पचून जातो. डासाची सोंडही समजून घ्या. लाळ बाहेर येण्याची नळी वेगळी आणि रक्त आत जाण्याची नळी वेगळी. आधीच्या माणसाचे रक्त तो पुढच्या माणसात सोडत नाही.

गोव्याच्या हवेत हा कालावधी कमी होतो का?

तापमान वाढले की विषाणू डासात वेगाने वाढतो. डेंग्यूसाठी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा २५ अंश सेल्सियसला सरासरी १५ दिवस आणि ३० अंशांना सरासरी साडेसहा दिवस असा फरक दिसला. पाच अंशांत निम्म्याहून कमी! पणजी, वास्को, मडगाव या किनारी पट्ट्यात ऐन पावसाळ्यातही हवा साधारण याच दोन आकड्यांच्या मध्ये असते, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात दुपारी ती आणखी वर चढते. पावसाने भरलेली भांडी आणि चढता पारा असा दुहेरी योग तेव्हा जुळतो. सप्टेंबर संपला म्हणून भांडी उलटी करणे सोडू नका.

डास इतके दिवस जगतो तरी का?

सगळे जगत नाहीत, आणि आपली खरी संधी तिथेच आहे. समजा, रोज १०० पैकी ९० माद्या वाचतात. दहा दिवसांनी ३५ उरतील. रोज ८० वाचत असतील, तर दहा दिवसांनी जेमतेम ११ उरतील. रोजच्या मरणात थोडीच वाढ झाली, तरी विषाणू लाळेत येण्याइतक्या म्हाताऱ्या माद्या तिपटीने कमी होतात. म्हणून किती डास आहेत यापेक्षा किती डास जुने आहेत, हे महत्त्वाचे.

जुनी मादी ओळखण्याची एक पद्धत कीटकशास्त्रज्ञ वापरतात. अंडाशय स्लाइडवर वाळवून पाहिले, तर एकदाही अंडी न घातलेल्या मादीत श्वासनलिकांची टोके गुंडाळलेली दिसतात. एकदा अंडी घातली की ती उलगडतात आणि परत गुंडाळली जात नाहीत.

फॉगिंगचा उपयोग आहे की नाही?

योग्य जागी आणि योग्य दिवशी आहे. धुराचे थेंब उडत्या डासाला लागले तरच तो मरतो. अळ्या, कोष आणि अंडी यांना धूर काहीच करत नाही. दुसऱ्या दिवशी कोषातून नवे डास बाहेर पडतात आणि लोक म्हणतात, औषधात भेसळ होती. शिवाय एडिस इजिप्ती घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, पडद्याच्या घडीत बसते. रस्त्यावरून गाडी धूर सोडत गेली आणि आपण दारे-खिडक्या लावून बसलो, तर तिला काही होत नाही. बाहेर फॉगिंग होत असताना अन्न आणि पाणी झाका, दारे-खिडक्या उघडी ठेवा.

रुग्ण सापडल्यावर लगेच, त्याच्या घरात आणि आजूबाजूला केलेले फॉगिंग बाधित माद्यांना दहा दिवस पुरे होण्याआधी मारते. ते करण्यासारखे आहे. सणासुदीच्या आधी गावभर एकदा धूर काढणे हा मनाला दिलासा.

ताप आलेल्या माणसाला मच्छरदाणी कशाला? त्याला तर आधीच डेंग्यू झालाय.

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि याचे उत्तर घरोघरी पोचावे असे मनापासून वाटते. मच्छरदाणी इथे रुग्णासाठी नसते, डासाच्या आतड्यात विषाणू जाऊ नये म्हणून असते. ताप चढायच्या साधारण दोन दिवस आधीपासून ते ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांपर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या दिवसांत त्याला चावलेली घरातली मादी आठवडा-दीड आठवड्याने त्याच्याच आईला किंवा मुलाला चावते.

एडिस दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. म्हणून दाणी दिवसाही हवी. रुग्ण आत जायच्या आधी कडा गादीखाली खोचा, नाहीतर दोन-चार डास आतच कोंडले जातात. हातपाय जाळीला टेकले तर डास जाळीतूनही चावतो, त्यामुळे दाणी ऐसपैस घ्या. उकडते म्हणून लोक ती काढतात. छतावरचा पंखा अडत असेल तर बाजूने टेबल फॅन लावा, वारा जाळीतून आत येतो.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल एवढेच: डेंग्यूची शंका असेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्ततपासणीत पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) उपयोगी ठरते.

लक्षणे नसलेल्या माणसाकडून डासाला विषाणू मिळतो का?

मिळतो. ताप न आलेल्या, पण रक्तात डेंग्यूचा विषाणू असलेल्या माणसांकडूनही डास बाधित होतात, हे प्रत्यक्ष डास चाववून पाहिलेल्या अभ्यासात दिसले आहे. म्हणूनच फक्त रुग्णाच्या घराभोवती काम करून भागत नाही.

चिकुनगुन्या इतक्या झपाट्याने का पसरतो?

त्याला डासाच्या पोटात फार थांबावे लागत नाही म्हणून. प्रयोगांत दोन-तीन दिवसांतच तो लाळेत सापडला आहे. २००५-०६ मध्ये तो सुमारे ३२ वर्षांनी भारतात परतला. त्याच काळात हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर त्याच्या आवरणातल्या एका प्रथिनात एकच बदल झालेला आढळला: २२६ व्या जागी अलानिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने तो एडिस अल्बोपिक्टसच्या आतड्यात कितीतरी सहज शिरू लागला. पुढे केरळातही हा बदललेला विषाणू सापडला.

अल्बोपिक्टस हा बागायतीतला डास. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ (इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी नक्षी असते). सत्तरी-सांगेच्या रबर लागवडीतल्या चिकाच्या वाट्या, पोफळीखाली पडलेली विरी (झावळीचा पन्हाळीसारखा रुंद बुंधा), माडाखालच्या करवंट्या, काजूचा हंगाम संपल्यावर भट्टीजवळ उघड्यावर राहिलेली पिंपे या त्याच्या जागा. विरीच्या पन्हाळीत वाटीभर पाणी साचले तरी त्याला पुरते. चीक काढणे बंद असेल तेव्हा रबराच्या वाट्या झाडावरच उपड्या घाला, विरी गोळा करून फाडा किंवा जाळा.

वर्षभर बंद असलेले घर चवथीला उघडतो. काय करावे?

एडिसची अंडी पाण्यात नसतात. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवलेली असतात. काळी, तिळाहून बारीक. पाणी आटले तरी ती सहा महिने, कधी त्याहूनही जास्त टिकतात. घर उघडून टाकी भरली, की काही तासांत अळ्या निघू लागतात. उबदार हवेत सात ते दहा दिवसांत डास तयार होतो, नेमका पाहुणे घरात असताना.

म्हणून नुसते धुऊन भागत नाही. टाकी, पिंप, तुळशीखालची थाळी, फ्रिजमागचा ट्रे, न वापरलेला फ्लश, पन्हळीतला कचरा: सगळीकडे काथ्याने किंवा ताठ ब्रशने भिंत घासा आणि घासलेले पाणी उन्हात, कोरड्या मातीवर ओता. गटारात ओतले तर अंडी दुसरीकडे रुजतात. डेंग्यूचा विषाणू बाधित मादीकडून अंड्यांतही जाऊ शकतो. त्याचे प्रमाण कमी असते, पण घासायला आणखी एक कारण.

बीटीआय हे काय औषध आहे? विहिरीत टाकलेले चालते का?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडला. त्याचे कामच अळीच्या आतड्यात चालते. जिवाणूने तयार केलेले प्रथिनांचे स्फटिक अळी गाळून खाते. तिचे आतडे अतिशय अल्कधर्मी असते, सामू (पीएच) १० च्या आसपास. तिथे स्फटिक विरघळतात, पाचक द्रव्ये त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे पेशींना भोके पाडतात. अळी खाणे सोडते आणि बहुधा चोवीस तासांत मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी आणि पेशीही वेगळ्या, त्यामुळे आपल्याला आणि माशांना त्याचा त्रास नाही. तरी पिण्याच्या पाण्यासाठी त्या वापराला मान्यता असलेलेच उत्पादन घ्या आणि मात्रा डब्यावर लिहिली असेल तीच. ती उत्पादनागणिक बदलते.

ते फसते त्याची कारणेही आतड्याशीच जोडलेली आहेत. कोष काहीच खात नाही, म्हणून त्याला काही होत नाही. कोषात जायला टेकलेली मोठी अळीही फार खात नाही. पाण्यात गाळ आणि कुजका पालापाचोळा असेल तर अळीच्या पोटात औषधाऐवजी तोच जातो. स्फटिक तळाशी बसतात, उन्हात निकामी होतात. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा टाकावे लागते. त्यात चार वेगवेगळी विषद्रव्ये असल्याने डासांना प्रतिकार करणे जड जाते. गोव्यात १९९० च्या दशकात मलेरियाच्या डासाविरुद्ध बीटीआय आणि ॲप्लोकायलस ब्लॉकी हा गोड्या पाण्यातला छोटा स्थानिक मासा यांचे प्रत्यक्ष प्रयोग झाले होते. विहिरीला मासा हा आजही चांगला उपाय आहे.

डासाच्या पोटातले जिवाणू वापरून डेंग्यू थांबवता येईल का?

काम जोरात चालू आहे. पण सगळे जिवाणू आपल्या बाजूचे नाहीत. सेरेशिया मार्सेसेन्स आतड्याच्या पेशींवरचे श्लेष्मल आवरण पचवणारे प्रथिन सोडतो आणि विषाणूची वाट मोकळी करतो. उलट चीनच्या युन्नानमध्ये रानटी डासांत सापडलेला रोझेनबर्गिएला जातीचा एक जिवाणू आतडे आम्लधर्मी करतो आणि डेंग्यू-झिकाचे विषाणू तिथेच निकामी होतात.

सर्वांत पुढे गेले आहे ते वोल्बाकिया. हा पेशींच्या आत राहणारा जिवाणू आईकडून अंड्यांत उतरतो. फळमाशीतला त्याचा एक वाण एडिस इजिप्तीमध्ये घातला, की डेंग्यूचा विषाणू तिच्यात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. पुदुच्चेरीच्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) केंद्रानेही वोल्बाकिया असलेल्या एडिस डासांच्या दोन वसाहती तयार केल्या आहेत. घरच्या घरी दही-ताक फवारून असे काही होत नाही, कृपया करू नका.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत डासाचे आतडे काढून पाहता येईल का?

येईल, पण अळीपासून जाळीबंद बरणीत वाढवलेला, कोणालाही न चावलेला डासच घ्या. नराच्या स्पर्शिका पिसांसारख्या झुपकेदार, मादीच्या विरळ. मादीला फ्रीझरमध्ये काही मिनिटे ठेवून गार करा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवा, पंख आणि पाय काढा. स्लाइडवर ०.९ टक्के सलाइनचा थेंब घेऊन त्यात तिला ठेवा. एका बारीक सुईने छाती दाबून धरा. दुसरीने शेवटून दुसऱ्या खंडाच्या दोन्ही बाजूंना हलकी खाच पाडा आणि टोक सावकाश ओढा. मागचे आतडे, पाच माल्पिघी नलिका (डासाचे उत्सर्जनाचे अवयव) आणि मग मधले आतडे अशी माळ बाहेर येते. पोटाशी कधी हवेचे बुडबुडे भरलेली रसाची पिशवीही तरंगते.

घाईने ओढले की आतडे नलिकांपाशी तुटते. खाच पाडली नाही तर कातडी ताणून सगळे आतच राहते. थेंब छोटा असेल तर दिव्याच्या उष्णतेने सुकतो आणि भिंत काचेला चिकटते. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात.

पकडलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू सापडला म्हणजे तो डास रोग पसरवतो, असे समजायचे का?

नाही. नुकतेच रक्त प्यायलेल्या मादीची पीसीआर चाचणी (विषाणूचे जनुकीय साहित्य शोधणारी) केली तर रुग्णाचे रक्तच सापडलेले असू शकते. त्यासाठी शरीराचे भाग वेगळे तपासतात. पोटात विषाणू आहे पण पायांत नाही, तर तो आतड्यातच अडकला. पायांत आहे, तर शरीरभर पसरला. लाळेत आहे का ते पाहायला मादीची सोंड बारीक काचनळीत घालून लाळ गोळा करतात. लाळेत जिवंत विषाणू मिळाला तरच ती मादी रोग पसरवू शकते असे म्हणता येते.

माकडताप आणि मेंदूज्वर हेही डासांमुळेच का?

सत्तरीत दिसलेला माकडताप गोचिडींमुळे होतो, डासांमुळे नाही. जपानी मेंदूज्वर भातशेतीत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे. त्याचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो. माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो, की माणसाला चावून डासाचे आतडे सहसा बाधित होत नाही.

रक्ताने भरलेला डास हातावर चिरडला तर?

साबणाने हात धुवा. त्या रक्तातून डेंग्यू होत नाही. मात्र घरात कुणाला ताप असेल आणि भर दिवसा असा भरलेला डास सापडला, तर दाणी नीट खोचलेली आहे का ते लगेच पाहा.